‘कान नॉर्मल आहेत’ असं लिहून देणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

तमाम ऑडिओलॉजिस्ट (म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे), कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि कान कसे तपासायचे याचे नियम बनवणाऱ्या समित्यांवरची मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी साउंड एडिटर आहे, म्हणजे लोकांनी बोललेलं दिवसभर कानात घालून बसते, कुठे श्वास जास्त आलाय, कुठे ‘स’ टोचतोय, कुठे मागचा एसी ऐकू येतोय ते शोधते आणि साफ करते. बावीस वर्षं हेच चाललंय. माझं पोट कानांवर चालतं, आणि त्या कानांबद्दल तुमच्यापैकी एकांनी मला दोन वर्षांपूर्वी जो कागद दिला त्याबद्दल हे पत्र आहे. कुणावर राग काढायचा नाहीये, नाव पण नाही घेणार, कारण मला खात्री आहे दुसऱ्या कुणाकडे गेले असते तरी तोच कागद हातात पडला असता.

तक्रार काय होती तर, शांत खोलीत एक माणूस समोर बसून बोलला की मला सगळं कळतं, अगदी हळू बोलला तरी. पण सात-आठ जण एका टेबलाभोवती बसले, दोघं तिकडे बोलतायत, एक इकडे, वर पंखा फिरतोय, की मला आवाज तर ऐकू येतो पण शब्द पकडता येत नाहीत. मग मी हसते, मान हलवते, आणि नंतर शेजारणीला हळूच विचारते, काय म्हणाला गं तो. एकदा शूटवर जनरेटरशेजारी उभी होते, कुणीतरी जाता जाता मान वळवून सांगितलं उद्या सहा वाजता, आणि मी ऐकलं दहा वाजता. चार तास अख्खं युनिट माझ्या नावाने खडे फोडत बसलं होतं. नंतर मी यावर बराच विचार केला. ‘सहा’मधला ‘स’ काढून टाका, काय उरतं, ‘अहा’. मग मेंदू पुढे कुठलं तरी अक्षर आपल्या मनाने चिकटवतो आणि आपल्याला छातीठोक वाटतं की आपण तेच ऐकलं. ‘साठ’चं ‘आठ’ होतं ते तर फोनवर सगळ्यांचंच होतं, त्यात माझं वेगळं काही नाही.

तर तपासणीला आले. तुमचा तो बूथ, जाड दार, हेडफोन, हातात बटण, बीप आला की दाबायचं. २५० हर्ट्झपासून सुरुवात, मग ५००, १०००, २०००, ४०००, शेवटी ८०००. हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप, आकडा जितका मोठा तितका सूर बारीक, उंच. दहा-पंधरा मिनिटांत ग्राफ तयार. दोन्ही कानांच्या रेषा वरच्या वर, कुठेही १५ डेसिबलच्या खाली गेलेल्या नाहीत (त्या ग्राफवर रेषा जितकी खाली तितकं ऐकू कमी). मॅडम म्हणाल्या, ‘तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.’ मी म्हटलं मग गर्दीत का कळत नाही. तर म्हणाल्या ताण असेल, झोप कमी होत असेल, लक्ष देऊन ऐकत जा. लक्ष देऊन! ज्या बाईला लक्ष देऊन ऐकण्याचेच पैसे मिळतात तिला. असो. कागदावर लिहिलं, दोन्ही कान नॉर्मल, खाली सही, शिक्का.

मी तो कागद घेऊन घरी आले आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. वर्षभर मी सगळ्यांना हेच सांगत होते की कान ठणठणीत आहेत, माझंच लक्ष नसतं.

मग एक दिवस स्टुडिओत असं झालं. माझ्याकडे तेवीस वर्षांचा एक मुलगा असिस्टंट आहे. एका बाईच्या आवाजातलं निवेदन होतं, त्याच्यावर मी लो-पास फिल्टर लावलेला, म्हणजे एका ठराविक आकड्याच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर. सगळ्यात वर २० किलोहर्ट्झला, म्हणजे वीस हजार हर्ट्झला ठेवला आणि तिथून हळूहळू खाली ओढत होते, वरची खरखर कुठे जाते ते बघायला. १५ च्या आसपास आल्यावर हा पोरगा एकदम म्हणाला, ‘ताई, गेलं काहीतरी.’ मी विचारलं काय गेलं. म्हणाला, ‘एअर (आवाजातला वरचा मोकळेपणा, आम्ही त्याला असं म्हणतो) गेली. बाई आधी इथे होती, आता काचेपलीकडे गेली.’ मला काहीच गेलेलं नव्हतं. मी अजून खाली ओढला, १३, १२, ११, तो माझ्याकडे असा बघतोय जसा मी समोर ठेवलेली वस्तू मोडतेय आणि मला दिसतच नाहीये. मला पहिला फरक कळला तो ९ च्याही खाली. मग आम्ही साधे टोन वाजवून बघितले. १० किलोहर्ट्झ मला ऐकू आला पण खूप वाढवल्यावर. साडेबारा, शून्य. चौदा, शून्य. त्याला सोळा पण ऐकू येत होता, आणि तो हसत होता, मी नव्हते. स्टुडिओतले टोन म्हणजे तुमच्यासारखी मोजून-मापून केलेली तपासणी नव्हे हे मला माहीत आहे, पण शून्य म्हणजे शून्य, ते कळायला शिक्का लागत नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलेय आणि जे वाचलं त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीतच असणार, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आमच्या स्क्रीनवर आवाजाचं चित्र दिसतं, स्पेक्ट्रोग्राम. आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी म्हणजे सुराची उंची, जिथे ऊर्जा जास्त तिथे उजेड. ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ हे सगळे खालच्या मजल्यावर राहतात, जाडजूड पट्ट्या, चार-पाच हजारांच्या आत त्यांचा संसार आटोपतो. ‘श’ त्याच्या वर, दोन-तीन हजारांपासून सुरू होणारा ढग. आणि ‘स’ अजून वर, चार-पाच हजारांपासून सुरू होतो आणि बाईचा किंवा लहान मुलाचा आवाज असेल तर दहा-बारा हजारांच्या पुढे पण त्याचा धूर दिसत राहतो. ‘साल’ आणि ‘शाल’ यांच्यातला फरक म्हणजे त्या ढगाची खालची कड कुठे आहे, बस. च, छ, फ, थ, ख, सगळ्यांच्या फुटण्यात हा वरचा झोत असतो, काहींमध्ये अगदी क्षणभर, सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. हे मी रोज बघते, म्हणजे डोळ्यांनी बघते. कानाने ऐकत नव्हते हे मला माहीत नव्हतं इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल, की बाई, ८००० च्या वर बोलण्यातली ऊर्जा असून असून किती असते, अगदी थोडी, आणि शब्द कळायला ती लागत नाही. मान्य. टेलिफोन कंपन्यांनी हे फार पूर्वीच दाखवून दिलंय. जुना फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पोचवायचा आणि जगाने त्याच्यावर शंभर वर्षं संसार केले, भांडणं केली, लग्नं जमवली. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ मध्ये बोलणं किती कळेल याचा हिशोब मांडला, आर्टिक्युलेशन इंडेक्स, त्यात २५० ते ७००० एवढाच पट्टा धरलाय. त्यांचं चुकलं असं मी म्हणतच नाही. पण त्यांचा प्रश्न काय होता ते बघा. तारेतून एका माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या एका कानापर्यंत कसं पोचवायचं, हा. आपल्या आयुष्यात मात्र एक कान नाही, दोन आहेत, आणि बोलणारा एक नाही, पाच आहेत, कुणी समोर, कुणी मागे, कुणी पाठ करून. फोनच्या हिशोबातून आलेलं उत्तर जेवणाच्या टेबलाला लावलं की गडबड होते.

आणि एक गंमत वाचनात आली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाजारात आलेल्या सगळ्यात पहिल्या ऑडिओमीटरपैकी, म्हणजे कान तपासायच्या मशीनपैकी एक, वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा १-ए, १९२२ च्या सुमाराचा, तो ३२ पासून थेट १६,३८४ हर्ट्झपर्यंत जायचा. सोळा हजार! शंभर वर्षांपूर्वी! पण तो अवजड आणि महाग, म्हणून त्यांनीच मागोमाग २-ए काढला, छोटा, स्वस्त, उचलून नेता येणारा, आणि तो ६४ ते ८१९२ पर्यंतच. खपणार कुठला ते उघड आहे. म्हणजे ज्या रेषेवर तुम्ही आज थांबता ती काही कानाने आखलेली नाही. मला तर वाटतं ती रेषा त्या खोक्याच्या आकाराने आखली आणि नंतर आलेल्यांनी तिला वहिवाट म्हणून पुढे चालवलं.

बरं आता मुद्द्याचं. गोंगाट म्हणजे काय असतो? पंखा, एसी, गाड्या, इंजिन, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इतर माणसांची बडबड. या सगळ्याचा जोर खालच्या मजल्यांवर असतो. खालचे मजले गर्दीने भरले की तिथली अक्षरं एकमेकांत मिसळतात, पण वरच्या मजल्यावर बऱ्यापैकी शांतता असते, आणि तिथे जो एखादा झोत दिसतो, ‘स’चा, ‘च’चा, ‘थ’चा, तो स्वच्छ दिसतो. थोडासाच असतो पण कुणी झाकत नाही त्याला. कुठलं अक्षर कधी सुरू झालं, शब्द कुठे तुटला, याची वेळ त्याच्यावरून लागते. शांततेत ही माहिती फुकटची, वर खाली दोन्हीकडे तेच, म्हणून तपासणीत फरक दिसत नाही. गर्दीत मात्र खालची प्रत फाटलेली असते तेव्हा वरची कामाला येते.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी मला माईकमुळे आधीपासून माहीत होती पण कानाशी जोडली नव्हती. माणूस बोलतो तेव्हा खालचे सूर चहूकडे पसरतात, तोंड कुठेही असो. वरचे सूर मात्र टॉर्चच्या झोतासारखे तोंडासमोर जातात. नटाने डायलॉगच्या मध्येच मान फिरवली की आवाजाची पातळी फार पडत नाही पण ‘स’ बोथट होतात, हे कुठलाही रेकॉर्डिस्ट झोपेत पण सांगेल. आता टेबलाभोवती बघा. जो माझ्याशी बोलतोय त्याचं तोंड माझ्याकडे आहे, त्याचा वरचा झोत सरळ माझ्यावर. बाकीचे एकमेकांशी बोलतायत, त्यांची तोंडं दुसरीकडे, त्यांचे वरचे सूर माझ्यापर्यंत कमीच येतात. म्हणजे वरच्या मजल्यावर आपोआप माझ्याशी बोलणाराच उठून दिसतो! ब्रायन मॉन्सन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अगदी हेच करून बघितलं. समोरचा बोलणारा ऐकणाऱ्याकडे तोंड करून, गोंधळ घालणारे तोंड फिरवून, आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं एकदा ठेवलं, एकदा कापलं. ठेवलं तेव्हा शब्द जास्त कळले. याआधीचे बरेचसे प्रयोग सगळे जण थेट तुमच्याकडे तोंड करून बोलतायत असं धरून केलेले, जे खऱ्या आयुष्यात फक्त आपल्यावर सगळे मिळून चिडलेले असतात तेव्हाच होतं.

त्याच वर्षी लीना मोतलाग-झादेह, डेव्हिड मूर वगैरेंचा पेपर आला, गोंगाटात म्हटलेले आकडे ओळखायची चाचणी घेऊन. ज्यांचा नेहमीचा ऑडिओग्राम, म्हणजे तो बूथमधला ग्राफ, एकदम स्वच्छ होता अशांमध्ये पण वरचं ऐकणं गेलेले बरेच निघाले, आणि गोंगाटात ऐकायला त्रास होतो असं सांगणाऱ्यांचा संबंध त्या वरच्या घटीशी लागला. ते वाचताना मला रडू यायचं बाकी होतं. म्हणजे आम्ही नाटक करत नव्हतो.

दिशेचं पण आहे. समोरून की मागून, वरून की खालून, हे कळतं ते कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे, आणि त्या वळ्या एवढ्या लहान की त्यांचं काम मुख्यतः पाच-सहा हजारांच्या वरच चालतं. २००५ मध्ये व्हर्जिनिया बेस्ट आणि मंडळींनी बोलण्याच्या आवाजातलं ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापून बघितलं तर लोकांच्या समोर-मागे, वर-खाली ओळखण्याच्या चुका वाढल्या. कोण कुठून बोलतंय हे पटकन कळलं नाही तर मान वळवेपर्यंत अर्धं वाक्य गेलेलं असतं, आणि मीटिंगमध्ये हे अर्धं वाक्य नेहमी कामाचं असतं, का ते देव जाणे.

आता कानाच्या आतलं. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आजीला मोदक शिकवण्यासारखं आहे तरी सांगते. आतला तो शंख, कॉक्लिया, उलगडला तर साधारण ३५ मिलिमीटर. दाराशी उंच सूर, आत टोकाला खर्ज. कुठल्या जागेवर कुठली फ्रिक्वेन्सी याचं डोनाल्ड ग्रीनवुडचं सूत्र आहे, १९९० च्या पेपरमधलं, तुमच्याच पुस्तकांत असतं. त्यात ८००० टाकून बघा. मी कॅल्क्युलेटरवर टाकलं. ८००० ची जागा टोकापासून सुमारे ८० टक्क्यांवर येते. म्हणजे त्याच्या वरची, दाराकडची, जवळपास एक पंचमांश लांबी, सहा-सात मिलिमीटर, तुमच्या तपासणीत येतच नाही. आणि नेमका तोच भाग सगळ्यात आधी जातो! वय झालं की तिथून सुरुवात. सिस्प्लॅटिनसारखं कॅन्सरचं औषध किंवा जेंटामायसिनच्या कुळातली अँटिबायोटिक्स, नुकसानाची सुरुवात तिथूनच. लहानपणी वारंवार कान फुटलेल्या मुलांमध्ये पण वरची घट दिसते. तिथल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. एखाद्या घराची तपासणी करताना गळती जिथून सुरू होते तीच खोली सोडून बाकी सगळं बघायचं आणि घर कोरडं आहे असं लिहून द्यायचं, असं काहीसं झालं हे.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. वरचं गेलं म्हणूनच गर्दीत कळत नाही, की वरचं गेलंय ही फक्त खूण आहे आणि खरं नुकसान खालीही कुठेतरी झालंय जे ग्राफवर दिसत नाही, हे दोन्ही असू शकतं. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी परत पहिल्यासारखी होते तरी केसपेशी आणि नसा यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माझ्या बाबतीत यातलं काय आहे ते मला कळायचा मार्ग नाही. बहुतेक दोन्ही थोडं थोडं असेल, बावीस वर्षं हेडफोन आहेत शेवटी. पण कारण असो की खूण असो, दोन्हीकडून उत्तर एकच निघतं ना, की बघायला हवं होतं.

मी हे एक-दोन ओळखीच्या ऑडिओलॉजिस्टना बोलून दाखवलं. पहिलं उत्तर नेहमी कॅलिब्रेशनचं, म्हणजे मशीनचं माप अचूक लावण्याचं. ८००० च्या वर मोजमाप भरवशाचं नसतं म्हणे, हेडफोन जरा सरकला की आकडे बदलतात. यात तथ्य आहे, मला पटतं, १६ किलोहर्ट्झची लहर जेमतेम दोन सेंटिमीटरची आणि कानाची नळी अडीच सेंटिमीटरची, मग नळीत लाटा एकमेकींना कापणार, वाढवणार, सगळं होणार. पण म्हणून तर मोठे कान झाकणारे हेडफोन आहेत, आणि आयएसओ ३८९-५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक खास ८ ते १६ किलोहर्ट्झसाठीच आहे. शिवाय सिस्प्लॅटिन चालू असलेल्या पेशंटची तुम्ही वरची तपासणी करताच की! तिथे मशीन चालतं, तिथे आकडे भरवशाचे होतात, आणि माझ्या वेळेला तेच मशीन कपाटात. बऱ्याच ऑडिओमीटरमध्ये हा पर्याय असतो असं मला यातल्याच एकाने सांगितलं, वापरत नाही इतकंच.

दुसरं उत्तर, चाळिशीनंतर सगळ्यांचंच जातं. हो जातं. चाळिशीनंतर जवळचं वाचायला पण सगळ्यांनाच त्रास होतो, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर लांबचा तक्ता वाचून घेऊन ‘नजर नॉर्मल’ लिहून घरी पाठवतात का? चष्म्याचा नंबर देतात. सगळ्यांचं होतं म्हणून ते नाहीच असं कुणी म्हणत नाही. शिवाय सगळ्यांचं सारखं जात नाही, विशीतल्या पोरांमध्ये पण फरक असतो, आणि हा फरक कुठे मांडूनच ठेवला नाही तर पुढे दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार.

तिसरं उत्तर ऐकून मात्र मी गप्प झाले, कारण ते खरं आहे. कळून करणार काय? औषध नाही, ऑपरेशन नाही, नेहमीची श्रवणयंत्रं पाच-सहा किंवा फार तर आठ हजारांपर्यंत नीट वाढवतात, त्याच्या वर त्यांचा पण हात पोचत नाही. मुलांच्या बाबतीत तर हा जुना प्रश्न आहे, श्रवणयंत्र लावूनही बाईच्या किंवा लहान मुलाच्या आवाजातला ‘स’ निसटतो यावर पॅट्रिशिया स्टेल्माखोविच यांच्या गटाने २००० नंतरच्या दशकात बरंच काम केलंय. तर उपाय नाही हे खरं. पण मी काय केलं ते सांगते. मीटिंगला आता मी टेबलाच्या टोकाला बसते, पाठ भिंतीला, म्हणजे सगळ्यांची तोंडं साधारण माझ्याकडे. ज्यांच्याशी रोज काम आहे त्यांना सांगितलंय की चालता चालता पाठमोरं सांगू नका, समोर येऊन सांगा, आणि आकडे असतील तर मेसेज करा, सहा आहे की दहा आहे. मोठ्या मीटिंगला बोलणाऱ्याजवळ छोटा माईक ठेवते आणि माझ्या कानात रिसीव्हर, लाज वाटायची आधी, आता नाही वाटत. हेडफोनचा आवाज खाली आणलाय, मधे मधे ब्रेक घेते. आणि मिक्समधलं १० च्या वरचं काम आता तो असिस्टंट करतो, मी त्याला विचारते ‘एअर आहे का रे?’ आणि तो सांगतो ते ऐकते. हे सगळं मी वर्षभर आधी केलं असतं. तुम्ही दिलेल्या कागदामुळे केलं नाही. त्या वर्षात मी स्वतःला बेफिकीर समजत होते, घरच्यांना मी शिष्ट वाटत होते, आणि एक काम माझ्या हातून गेलं कारण निर्मात्याला वाटलं ही बाई सांगितलेलं ऐकतच नाही.

तर मागणं काय आहे. प्रत्येकाची वरची तपासणी करा असं मी म्हणत नाही, वेळ, माणसं, मशीन, सगळ्याची अडचण असते ते कळतं. पण जो माणूस तुमच्यासमोर बसून सांगतोय की शांततेत ऐकू येतं आणि गर्दीत कळत नाही, आणि ज्याचा ग्राफ सरळ आलाय, त्याचे तरी अजून तीन-चार टोन बघा, १०, साडेबारा, १४, १६. पाच मिनिटं लागतील. शिवाय गोंगाटातली एखादी चाचणी घ्या, शब्दांची किंवा आकड्यांची, कारण बीप ऐकू येणं आणि बोलणं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुमच्याच शिक्षणात पहिल्या वर्षी सांगत असतील. समित्यांवरच्या मंडळींना सांगणं एवढंच की हे ‘इच्छा असल्यास करा’च्या रकान्यातून काढून ‘अशी तक्रार असल्यास करा’च्या रकान्यात आणा. पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर एक ओळ, बस.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तर निदान कागदावरचं वाक्य तरी बदला. ‘कान नॉर्मल’ असं लिहू नका. ‘२५० ते ८००० हर्ट्झपर्यंत नॉर्मल, त्यापुढे तपासलेलं नाही’ असं लिहा. याला ना मशीन लागतं ना हेडफोन.

माझ्या रिपोर्टवर मी ते स्वतःच लिहून टाकलंय, निळ्या पेनने, शिक्क्याच्या बाजूला थोडी जागा होती तिथे.

आपली,
एक साउंड एडिटर
(दोन्ही कान ८००० पर्यंत नॉर्मल)